हातमाग संस्थेचा धंदा: कापड नंतर मोजा, आधी मागदिवस मोजा

कळव्याला खाडीच्या बाजूला एका जुन्या गाळ्यात आमच्या विणकर संस्थेचे आठ माग आहेत. मी तिथली खजिनदार. माग मला आजही चालवता येत नाही. दोनदा धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारी मागाची छोटी होडी) जमिनीवर पाडल्यावर मला तिथून उठवलं, ते बरंच झालं. पण सात वर्षं वह्या मी लिहिल्या आहेत आणि संस्था कुठे बुडत होती, कुठे तरली ते वह्यांत दिसतं. ठाणे-नवी मुंबईत नवी संस्था काढणाऱ्यांसाठी किंवा आहे ती कशीबशी रेटणाऱ्यांसाठी हा क्रम लिहिते आहे. पुढचे रुपयांचे आकडे हिशेबाची रीत कळावी म्हणून गोल केले आहेत. तुमचे तुम्ही घाला.

भिवंडीशी भावात भिडू नका

ट्रॅफिक नसेल तर भिवंडी आमच्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर. तिथले यंत्रमाग रात्रंदिवस चालतात आणि आमचा विणकर साध्या विणीचं कापड दिवसाला चार-पाच मीटर काढतो. तरी पहिली दोन वर्षं आम्ही पंचे आणि टॉवेल विणत बसलो, का तर ‘रोज खपणारी वस्तू’. आम्हाला टॉवेलला सूत आणि मजुरी मिळून जे पडायचं, त्याच्या निम्म्यात गिऱ्हाईक बाजारातून टॉवेल आणायचं.

हातमागासाठी काही कापडं राखून ठेवणारा कायदा 1985 चा आहे. साडी, धोतर, पंचा, सतरंजी असे 11 प्रकार आज त्यात येतात. त्या भरवशावर मात्र धंदा आखू नका. कायद्यातल्या व्याख्येच्या जरा बाहेर राहून तसंच दिसणारं कापड कुणीही काढू शकतो, आणि काढतात.

यंत्रमागाला परवडत नाही ते शोधा. त्याचा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, भरला की शेकडो मीटर एकसारखं कापड निघालंच पाहिजे. आपल्याकडे दर अडीच मीटरला बाणा, म्हणजे आडवा धागा, बदलता येतो, जाड आणि बारीक सूत एकाच कापडात खेळवता येतं, बारा नगांची ऑर्डर हसतमुखाने घेता येते. बारा नगांसाठी भिवंडीत कुणी फोनही उचलणार नाही. आपला धंदा तिथे आहे.

मागदिवस म्हणजे काय

एक माग, एक विणकर, एक दिवस: हा एक मागदिवस. आठ माग आणि महिन्याचे 25 कामाचे दिवस धरले तर 200 मागदिवस होतात. कागदावर. प्रत्यक्षात ताणा (मागावरचे उभे धागे) संपतो, ते धागे ठरल्या अंतरावर धरणाऱ्या फणीचा दात वाकतो, विणकराच्या गावाला लग्न निघतं, मुलांच्या परीक्षा येतात. आमच्या हाती साधारण 140 लागतात.

तुमच्या हाती किती लागतात हे माहीत नसेल तर विक्रीभाव ठरवू नका. दर मागाच्या खांबावर एक कॅलेंडर टांगा, ते भेट मिळालेलं बँकेचं असलं तरी चालतं. विणकाम झालं तर टिक, नाही झालं तर कारण एका शब्दात. तीन महिने नेमाने करा. आम्ही केलं तेव्हा मला वाटलं होतं, सगळ्यात जास्त वेळा ‘रजा’ लिहिलेलं निघेल. निघालं ‘कांड्या’. बाण्याच्या कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरणाऱ्या मावशी एकट्या, त्यांना गुडघेदुखी, आणि सकाळी अकरापर्यंत तीन माग कांड्यांची वाट बघत उभे. अर्ध्या दिवसासाठी दुसरी बाई ठेवली आणि महिन्याला दहाएक मागदिवस परत आले. सहा-सात हजारांत दहा मागदिवस. नवा माग घेण्याचा ठराव त्याच महिन्यात सभेपुढे होता, तो मी गुपचूप मागे घ्यायला लावला.

आता मागदिवसाचा खर्च. विणकराची मजुरी 700 रुपये. कांड्या आणि ताणा-तयारीचा वाटा 100. गाळ्याचं भाडं, वीज, हिशेब, मागदुरुस्ती मिळून महिन्याचे 42,000. त्याला 140 ने भागलं की 300. म्हणजे सूत मागावर चढण्याआधीच प्रत्येक मागदिवस 1,100 रुपये खातो. हा आकडा गाळ्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

तीन वस्तू, एकच ताजवा

वस्तू निवडताना ‘नगामागे नफा किती’ असं विचारू नका. तो माग दिवसभर अडवून ठेवून वस्तू किती देते, ते विचारा.

टॉवेल दिवसाला चार निघतात. विक्री 250 प्रमाणे 1,000, त्यातून सूत आणि शिवण-धुलाईचे 70 प्रमाणे 280 वजा. हाती 720. मागदिवस 1,100 मागतो. प्रत्येक टॉवेलबरोबर आम्ही पंच्याण्णव रुपये गिऱ्हाइकाला वर देत होतो.

सुती साडी 4,500 ला जाते, सूत आणि बाकी मिळून 500 धरा. 4,000 उरले, पण तिला तीन दिवस लागतात. दिवसाला 1,333. तरते, इतकंच. सभेत मात्र साडीला मान असतो; कुणी पाहुणा आला की साडीच काढून दाखवतात.

दुपट्टा दिवसाला दोन. 1,250 प्रमाणे 2,500. नगामागे सूत 112 आणि टोकांच्या गाठी, धुलाई, इस्त्री, लेबलचे 60, म्हणजे दोघांचे 344 वजा. हाती 2,156, मागदिवसाच्या खर्चाच्या जवळजवळ दुप्पट.

म्हणून साडी बंद करा असं मी म्हणत नाही. आमचे दोन माग साडीवर असतात, कारण साडी बघायला आलेली बाई दुपट्टा घेऊन जाते. पण आठपैकी सहा माग साडीवर असले असते तर हा लेख लिहायला मी इथे नसते.

हाच ताजवा दुकानदारासमोर वापरा. तो म्हणतो, माल ठेवतो, निम्म्या किमतीत द्या. 625 प्रमाणे दोन दुपट्टे 1,250, वजा 344, उरले 906. नुकसान. तीस टक्के कमिशनवर द्यायचं म्हटलं तर 875 प्रमाणे 1,750 वजा 344, म्हणजे 1,406, चालेल. सतत तीस टक्क्यांवर तयार होणारे दुकानदार कमी, हे खरं. मग दुकानासाठी वस्तूच वेगळी बांधा, जिथे दिवसाला तीन-चार नग निघतात आणि निम्म्या भावातही मागदिवस सुटतो. अरुंद पन्ह्याचे स्टोल आम्ही तेवढ्यासाठी काढले. थेट विकायचा दुपट्टा दुकानात स्वस्त दिसला की प्रदर्शनातलं गिऱ्हाईक पुढच्या वेळी तुमच्या तोंडावर सांगतं, ‘तिकडे कमी आहे हो.’

ताणा लांब, बाणा वेगवेगळा

विणकामाबाहेरच्या माणसाला हे कुणी सांगत नाही, आणि निम्मा नफा इथेच असतो.

आमच्या दुपट्ट्याचा पन्हा फणीत 36 इंच, इंचाला 48 धागे. म्हणजे ताण्यात 1,728 धागे. नवा ताणा आला की ते सगळे एकेक करून जुन्या ताण्याच्या शेवटांना सांधायचे. सांधणीवाल्या काकांची बोटं अशी चालतात की बघणाऱ्याला गाठ दिसत नाही, फक्त चिमूट फिरल्यासारखी वाटते. तरी ताणा चढवणं, सांधणी, गाठी फणीतून पुढे काढणं मिळून दीड दिवस जातो. 30 मीटरचा ताणा असला काय नि 60 मीटरचा असला काय, धागे 1,728 च.

30 मीटरच्या ताण्यात दहा दुपट्टे, म्हणजे पाच दिवस विणकाम आणि दीड दिवस तयारी. 60 मीटरचा घेतला तर एकवीस दुपट्टे, साडेदहा दिवस विणकाम आणि तयारी तीच. ताण्याच्या टोकाला सूत वाया जातं म्हणून लोक हळहळतात. ते फार तर वीस ग्रॅम, पंधरा-सोळा रुपयांचं. जातो तो दीड मागदिवस.

म्हणून डिझाइन ताण्यात नको, बाण्यात ठेवा. नवरात्रातलं उदाहरण घ्या. ठाण्यात नऊ दिवसांच्या नऊ रंगांचं वेड आहे, ऑफिसला जाणाऱ्या बायका आधीच रंग विचारून ठेवतात. नऊ रंगांचे नऊ ताणे लावले की संस्था झोपली. एकच ताणा लावा आणि बाणे नऊ घ्या. पहिल्या वर्षी आम्ही राखाडी ताणा लावला, डाग दिसत नाहीत म्हणून. निळा-हिरवा सुरेख आला, पिवळा मात्र मळलेल्या हळदीसारखा. त्या पिवळ्याला गिऱ्हाईक मिळालं ते पुढच्या वर्षी. मोतिया पांढऱ्या ताण्यावर नऊही रंग निघतात, जरा फिकट येतात एवढंच.

सूत, रंग आणि खाडीची हवा

सूत लडीत (सैल वेटोळ्यात) घ्या, कोनावर गुंडाळलेलं नको; रंगाऱ्याला लड लागते. राष्ट्रीय हातमाग विकास निगमाकडून संस्थेच्या नावावर सूत मागवता येतं, मोबाइलवर ‘ई-धागा’ नावाचं ॲप आहे. कच्चा माल पुरवठा योजनेत लडीच्या सुती सुतावर 15 टक्के सवलत मिळते. खेप यायला वेळ लागतो, तेव्हा तीन महिन्यांचा अंदाज आधी करा. आम्ही 80 नंबरचं दुपदरी सूत वापरतो, किलोत साधारण 67 किलोमीटर धागा. वरच्या दुपट्ट्याला ताणा-बाणा मिळून 140 ग्रॅमच्या आसपास लागतं. हा हिशेब जमला की रंगाऱ्याकडे किती टाकायचं ते कळतं. एका लॉटचं ताणा-बाण्याचं सगळं सूत एकदम रंगवा, वर दहा टक्के जास्त. दुसऱ्या घाण्याला तोच रंग येईल असं कुठलाही रंगारी छातीवर हात ठेवून सांगतो. येत नाही.

एकपदरी सुताला खळ लागते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये खाडीकाठच्या दमट हवेत खळवलेला ताणा वाळत नाही, त्यावर बुरशीचे काळे ठिपके धरतात. पावसाळ्यात दुपदरी सूतच चालवा, त्याला खळीची गरज फार कमी. एकपदरीचे ताणे मे महिन्यातच खळवून, वाळवून ठेवा.

रंग टिकतो का हे गिऱ्हाइकाने सांगायच्या आधी तुम्हाला कळलं पाहिजे. रंगवलेल्या सुताची विणलेली चिंधी पांढऱ्या सुती कापडाला शिवून कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास चोळा, वाळवा, पांढऱ्यावर डाग बघा. डाग पडला तर लॉट परत. बेलापूरच्या अर्बन हाटात, म्हणजे हातमाग-हस्तकलेच्या बाजारात, एक बाई दुपट्टा उलटा करून, गाठी चाचपून, शेवटी म्हणाल्या, ‘ताई, रंग जातो का खरं सांगा.’ मी पिशवीतून ती डाग न पडलेली पांढरी चिंधी काढून दाखवली. त्यांनी दोन घेतले. तेव्हापासून दर लॉटची चिंधी तारीख घालून स्टॉलवर असते.

रंगकाम आणि डिझाइनचं प्रशिक्षण हवं असेल तर मुंबईत ऑपेरा हाउसजवळ विणकर सेवा केंद्र आहे. ही केंद्रं 1956 पासूनची. तिथे नमुन्यांचा साठाही बघायला मिळतो. हातमागाच्या अधिकृत चिन्हाची म्हणजे ‘हँडलूम मार्क’ची नोंदणी वस्त्रोद्योग समितीकडे होते, तिचं मुख्यालय प्रभादेवीला. हे चिन्ह 2006 पासून आहे. गिऱ्हाइकांतले निम्मे लोक ते ओळखत नाहीत, पण स्टॉलवर ‘हे खरंच हातमागाचं कशावरून?’ असं विचारणारा एक जण असतोच, त्याच्यासाठी ते लागतं.

गिऱ्हाईक कुठे आहे

प्रदर्शनाचं भाडं द्यायच्या आधी तेही मागदिवसांत मोजा. तीन दिवसांच्या स्टॉलचे 15,000 म्हणजे जवळजवळ चौदा मागदिवस. दुपट्ट्यामागे आम्हाला साधारण 528 सुटतात, म्हणजे 28-29 दुपट्टे विकले की फक्त भाडं निघतं. बेलापूरचा अर्बन हाट आम्हाला परवडतो, कारण तिथे येणारा माणूस हातमाग-हस्तकला बघायलाच आलेला असतो. मॉलमधल्या स्टॉलवर लोक एसी खायला येतात.

घोडबंदर रोड, खारघर, ऐरोली इथल्या मोठ्या सोसायट्यांत गणपतीआधी नि दिवाळीआधी एक दिवस क्लबहाउसमध्ये बसायला मिळतं, बहुतेकदा भाड्याशिवाय. तिथे एका बाईने घेतलं की लिफ्टमध्ये बाकीच्यांना कळतं. विकलेल्या प्रत्येक नगाबरोबर चिठ्ठी द्या: कोणी विणला, किती दिवस लागले, कसा धुवायचा. पुन्हा घेणाऱ्यांचे अर्धेअधिक फोन आम्हाला त्या चिठ्ठीवरच्या नंबरवर येतात.

डागाळलेला, धागा सुटलेला माल सवलतीत विकू नका, चांगल्या मालाचा भाव पडतो. त्याचे बटवे, नॅपकिन, पाउच शिवा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लागतं, एकेका घरी तीस-चाळीस नग, साठ ते शंभर रुपयांतलं. प्लास्टिकचे डबे वाटून लोक कंटाळलेत. जानेवारीत आमचा वर्षभराचा डागी माल असा संपतो.

ऑनलाइन विक्रीवर माझा फार विश्वास बसलेला नाही. कापड हातात घेतल्याशिवाय हातमागाचं वेगळेपण कळत नाही, आणि परत आलेला नग पुन्हा इस्त्री करून घडी घालण्यातच दिवस जातो. व्हॉट्सॲपवर जुन्या गिऱ्हाइकांना फोटो पाठवणं पुरतं. मालाच्या विक्रीत वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही, पण परराज्यात विकायला लागलात किंवा ऑनलाइन मंचावर गेलात की नियम बदलतात. त्याआधी सीएला विचारा.

कंपनीची ऑर्डर: आधी कागद, मग धोटा

एका वर्षी ऐरोलीतल्या एका कंपनीची दिवाळीभेटीची ऑर्डर आली, 300 स्टोल. सगळ्यांना आनंद झाला, पेढे आणले. आगाऊ रक्कम मागायची कुणालाच सुचली नाही, मलाही नाही. माल वेळेत गेला, पैसे मार्चमध्ये आले. मधले पाच महिने आठवड्याची मजुरी आम्ही सभासदांकडून हातउसने घेऊन दिली. मोठी ऑर्डर म्हणजे तुमच्या पैशावर दुसऱ्याने दिवाळी साजरी करणं, असं होऊ शकतं.

आता आमची रीत अशी. नमुना मंजूर झाला की त्याचे दोन तुकडे करायचे, सही घालून एक त्यांच्याकडे, एक आमच्याकडे. निम्मी रक्कम आगाऊ, नाही तर सूत रंगायला जात नाही. ऑर्डरवर मागदिवस लिहायचे. 300 स्टोल दिवसाला तीन प्रमाणे 100 मागदिवस, म्हणजे हाती लागणारे दिवस धरले तर तीन माग जवळजवळ दोन महिने पूर्ण अडकले; ते अडकले तर दुकानाचा माल कोण काढणार, याचं उत्तर ऑर्डर घेण्याआधी.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या, ती मोफत आहे. बिलावर उद्यम क्रमांक छापा. 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी 45 दिवसांत द्यावं लागतं, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय 2023-24 या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेल्या अशा बिलाची प्राप्तिकरातली वजावट खरेदीदाराला पैसे दिले त्याच वर्षी मिळते. हे वाक्य मी आता ऑर्डरच्या ईमेलमध्येच नम्रपणे घालते. त्यांच्या हिशेब खात्यातला माणूस ते वाचतो आणि बिल लवकर निघतं.

संस्थेतला कारभार

नोंदणीला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान 10 सभासद लागतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 चा. हातमाग संस्थांचं काम वस्त्रोद्योग विभागाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे असतं, आपल्याला मुंबईचं. लेखापरीक्षण वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत म्हणजे 31 जुलैपर्यंत, वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत. नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत, लाभांश 15 टक्क्यांच्या वर नाही. गणपतीच्या धांदलीत सभा घ्यायची वेळ येऊ देऊ नका, ऑगस्टमध्ये उरका.

मजुरी नगावर की दिवसावर, यावर आमच्याकडे दोन सभा भांडणात गेल्या. नगावर दिली की हात भरभर चालतो आणि तुटलेला धागा तसाच पुढे जातो. दिवसावर दिली की उलट. आम्ही दिवसाची मजुरी ठेवली आणि तपासणीत निर्दोष निघालेल्या नगावर वरचे पैसे. तपासणी विणकराने स्वतःच्या मालाची करायची नाही.

आणि रंग सभेत ठरवू नका. पंधरा जणांनी मिळून ठरवलेला रंग कुणालाच आवडत नाही.

वर्ष उलटं मोजा

सण ठरलेले आहेत, तिथून मागे या. संक्रांत 14 जानेवारीला, कधी 15 ला. काळे दुपट्टे 60 हवेत, म्हणजे 30 मागदिवस. दोन मागांवर पंधरा-पंधरा दिवस. ताणा-सांधणीचे दोन दिवस, गाठी-धुलाईला आठवडा, आणि माल 1 जानेवारीला स्टॉलवर हवा. म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी ताणा मागावर चढला पाहिजे. काळा रंग चांगला बसवायला आणि जादा रंग धुवून काढायला रंगाऱ्याला दहा-बारा दिवस लागतात. दिवाळीत रंगारीही गावाला जातो, विणकरही, आणि तो कधी परत येईल हे त्यालाही माहीत नसतं. तेव्हा संक्रांतीचं काळं सूत दिवाळीच्या आदल्या आठवड्यात रंगाऱ्याकडे पोचलेलं असलं पाहिजे, आणि त्याची मागणी ऑगस्टमध्ये, वार्षिक सभेच्या चहाबरोबरच, निगमाकडे गेलेली.